पणजी पायी पाहायची तर: दीड दिवसाचा बेत, इतिहासासकट

मुंबई-पुण्याकडून गोव्याला आलेल्या बहुतेकांची पणजी कदंब बसस्थानकावर सुरू होते आणि मांडवीतल्या तासाभराच्या बोटफेरीत संपते. बाकी सगळा वेळ कळंगुट, बागा आणि हणजुणाला जातो. २०११ च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत मोजून ४०,०१७ माणसं भरली, एवढ्याशा गावात बघायचं काय, असा हिशेब असतो. पण गाव एवढंसं आहे म्हणूनच ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत बघता येतं. त्याला दीड दिवस पुरतो. दिवसाचे तास मात्र नीट लावावे लागतात. पणजी बघून कंटाळा आला असं सांगणारे बहुधा दुपारी एक ते चार किंवा रविवारी फिरलेले असतात. त्या वेळात दुकानं बंद, चर्चचे दरवाजे बंद आणि रस्त्यावर ऊन.

आधी थोडा इतिहास, म्हणजे रस्ते कळतात

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे नदीकाठी आदिलशहाचा वाडा होता. बाकी खाजणं (खाऱ्या पाण्याची सखल जमीन), वाळूचे उंचवटे, माडांच्या बागा आणि मासेमाऱ्यांची घरं. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनापती आफोंस द आल्बुकेर्कने गोवा घेतला तो मांडवीच्या वरच्या अंगाचा, म्हणजे आजचं जुने गोवें. राजधानी तिथे झाली, भरभराटली आणि पटकी-हिवतापाच्या साथींनी ओस पडत गेली. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने मुक्काम हलवून पणजीतला आदिलशहाचा वाडा गाठला, तरी अवतीभवती दलदलच होती. तिचं शहर केलं ते दों मानुएल द पोर्तुगाल ई काश्त्रू या गव्हर्नरने, १८२७ ते १८३५ या काळात. त्याने वाळूचे ढीग सपाट केले, दलदल बुजवली, रस्ते आखले. २२ मार्च १८४३ च्या राजाज्ञेने पणजी 'नोवा गोवा' या नावाने अधिकृत राजधानी झाली.

हे लक्षात ठेवलं की नकाशाशिवाय फिरता येतं. आल्तिनो टेकडीच्या पायथ्याला बिलगलेले फोंताइन्यश आणि माळा हे भाग जुने, गल्ल्या वाकड्या, कारण कोरडी जमीन तेवढीच होती. टेकडी आणि नदी यांच्या मधला सरळ, काटकोनी रस्त्यांचा भाग भरावाचा. पावसाळ्यात अठरा जून रस्त्यावर आणि माळ्यात पाणी का तुंबतं तेही यातूनच कळतं. मोठा पाऊस आणि मांडवीची भरती एका वेळी आली की सांतिनेजचा नाला आणि ओरेंची खाडी आधीच भरलेली असते आणि रस्त्यावरच्या पाण्याला उतरायला जागा राहत नाही. जून-जुलैत येणार असाल तर भरतीची वेळ बघून निघा. ती कुठल्याही हवामानाच्या ॲपवर मिळते.

पुढचा इतिहास मराठी वाचकाला ओळखीचा आहे. १९ डिसेंबर १९६१ ला मुक्ती. १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल, त्यात महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं हा प्रश्न, आणि ३४,०२१ मतांच्या फरकाने विलीनीकरण फेटाळलं गेलं. ३० मे १९८७ ला गोवा देशाचं पंचविसावं राज्य झालं. विधानसभा २००० पासून नदीपलीकडे पर्वरीला भरते. राजधानी पणजी आणि विधानसभा पर्वरी, अशी ही गंमत आहे.

कधी यावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, पण त्यातही निवड करा. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो. २००४ पासून तो पणजीत भरतो आणि त्या आठवड्यात खोल्यांचे भाव चढतात. ८ डिसेंबरला मुख्य चर्चचं फेस्त असतं. भोवताली फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार भरतो, खाज्यांचे ढीग लागतात. गर्दी चालत असेल तर हाच दिवस धरा. नाताळ ते नववर्ष टाळा. कार्निव्हलची मिरवणूक ख्रिस्ती उपासकाळ (लेंट) सुरू होण्याआधीच्या शनिवारी निघते आणि त्या दुपारपासून नदीकाठचा रस्ता वाहनांना बंद होतो. शिमग्याच्या चित्ररथांच्या दिवशीही तेच.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत थाळी मिळते, पण मासळी खाडीतली, बर्फातली किंवा बाहेरून आलेली, आणि महाग. केवळ माशांसाठी येणार असाल तर ऑगस्ट उलटू द्या.

पोहोचायचं कसं

कोकण रेल्वेचं जवळचं स्थानक करमळी, सुमारे ११ किलोमीटर. मुंबईहून येताना थिवी आधी लागतं, पण ते साधारण दुप्पट लांब आहे. तिकीट काढताना 'गोवा' म्हणून मडगाव निवडण्याची चूक फार होते आणि मग पणजीला परत तीसेक किलोमीटर उलटं यावं लागतं. मडगावला उतरलातच तर कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेची शटल धरा. शटल वाटेत थांबत नाही. तिचं तिकीट बसमध्ये मिळेल म्हणून आत जाऊन बसू नका; खिडकीवर काढायचं आणि रांगेने चढायचं. विमानाने येणाऱ्यांनी तिकिटावर दाबोळी आहे की मोपा ते बघावं. मोपा उत्तरेला पेडण्यात आणि दाबोळी दक्षिणेला वास्कोजवळ. टॅक्सीच्या भाड्याचा अंदाज त्यावरून बदलतो.

गाडी आणली असेल तर ती कदंब स्थानकासमोर पाटोवरच्या बहुमजली पार्किंगमध्ये ठेवा आणि विसरा. फोंताइन्यशमध्ये गाडी घालणं म्हणजे स्वतःची आणि रहिवाशांची दोघांचीही सकाळ घालवणं. लांबच्या टप्प्याला, विशेषतः सामान नसताना, मोटारसायकल 'पायलट' बरा पडतो. पिवळ्या-काळ्या रंगाची परवानाधारक दुचाकी असते. बसण्याआधी भाडं ठरवा, कारण मीटर नसतो.

पहिली सकाळ: सात ते साडेदहा

सुरुवात पाटोच्या पुलावरून करा. ओरेंची खाडी ओलांडली की सां तोमे. इथलं मुख्य टपाल कार्यालय एकेकाळी तंबाखूच्या व्यापाराची इमारत होती. समोरच्या चौकात काझा द मोएदा, म्हणजे जुनी टाकसाळ. ते आता खासगी घर आहे, बाहेरूनच बघायचं.

तिथून दक्षिणेला वळलं की फोंताइन्यश. माळ्यातल्या झऱ्यावरून हे नाव पडलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस मोझांबिकहून पैसा करून आलेल्या आंतोनियु जुआंव द सिकेरा याने इथल्या माडांच्या बागेत वस्ती बसवली. लोक त्याला 'मोसमीकार' म्हणत. मुख्य गल्ली ३१ जानेवारी रस्ता. या तारखेला पोर्तुगाल स्पेनपासून स्वतंत्र झाला असं गाईड सर्रास सांगतात. ते चूक आहे. तो दिवस १ डिसेंबर १६४०. ३१ जानेवारी आहे १८९१ ची, पोर्तूमधल्या प्रजासत्ताकवाद्यांच्या फसलेल्या उठावाची. पणजीत रस्त्यांवर तारखा बऱ्याच आहेत. अठरा जून म्हणजे १९४६ साली मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी बंदी मोडून सभा घेतली तो दिवस. पोर्तुगीज प्रजासत्ताकाची तारीख आणि गोव्याच्या लढ्याची तारीख दहा मिनिटांच्या अंतरावर नांदतात.

घरांचे रंग सगळेच टिपतात. खिडक्यांकडे थोडे थांबा. जुन्या खिडकीच्या लाकडी चौकटीत बारीक पट्ट्यांच्या खाचा असतात आणि त्यांत काचेऐवजी चपटे, अर्धपारदर्शक शिंपले सरकवलेले असतात. एकेक तुकडा दोन-तीन बोटं रुंद, कडा तासून चौकोनी केलेला, अभ्रकासारखा पापुद्र्याचा. काच महाग होती आणि हे शिंपले जवळच्या खाड्यांत मिळत. शिवाय काचेतून ऊन थेट आत येतं, शिंपल्यातून दुधासारखा मऊ उजेड येतो आणि खोली तापत नाही. तुकडा फुटला की तेवढाच काढून दुसरा सरकवता येत असे. आता हा शिंपला कायद्याने संरक्षित आहे, नवा मिळत नाही, म्हणून बऱ्याच चौकटींत मधेच एखादा काचेचा किंवा प्लास्टिकचा तुकडा दिसतो. सकाळी नऊच्या आत आलात आणि एखादी खिडकी उघडी असली तर आतल्या बाजूने उजेड पडलेला पल्ला बघायला मिळतो. नंतर ऊन वाढतं आणि पल्ले मिटतात.

गल्लीच्या टोकाला सां सेबास्त्यांवचं कपेल, म्हणजे छोटं प्रार्थनामंदिर. आतला मोठा क्रूस जुने गोवेंच्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज धर्मन्यायालयाच्या वाड्यातला. तिथून तो आदिलशहाच्या वाड्यात आला आणि १९१८ मध्ये इथे. त्यावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत, मानही खाली झुकलेली नाही. एरवी क्रुसावर मिटलेले डोळे दिसतात. चौकशीला उभ्या केलेल्या माणसाला धाक वाटावा म्हणून तसे घडवले, असं सांगतात. कपेल दिवसभर उघडं नसतं. प्रार्थनेच्या वेळी दार उघडं सापडलं तर मागे उभं राहून बघावं. बंद दार वाजवू नये.

फोंताइन्यशबद्दल एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. ही चित्रनगरी नाही, लोक इथे राहतात. दारापुढच्या सोप्यावर बसून फोटो काढणं, दाराला टेकून 'पोझ' देणं, खिडकीतून मोबाइल आत घालणं याला रहिवासी वैतागलेत, आणि ठिकठिकाणच्या पाट्या त्याचीच साक्ष देतात. रस्त्यावरून, घराच्या पायरीला पाय न लावता जेवढं टिपता येईल तेवढं टिपा. लग्नाआधीच्या फोटोंसाठी कपडे बदलायचा तंबू घेऊन येऊ नका.

इथेच फुंदासांव ओरियेंतच्या इमारतीत आंतोनियु शाव्हियेर त्रिंदाद यांची चित्रं आहेत. हे गोव्याचे चित्रकार मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत असत. मुंबईकरांनी हे दालन चुकवू नये. कामाच्या दिवशी उघडं असतं, त्यामुळे आधी वेळ विचारून घ्या.

माळ्यातून मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या चढा. चढ दमवणारा आहे, पण देवळासमोरून फोंताइन्यशची कौलं आणि ओरेंची खाडी एका नजरेत येते. पुढे आल्तिनोच्या सावलीच्या रस्त्याने चालत आर्चबिशपच्या वाड्यावरून पलीकडे उतरलं की थेट मुख्य चर्चच्या अंगणात पाय पडतो. बहुतेक जण हे उलटं करतात, आधी चर्च मग टेकडी, आणि साडेनऊच्या उन्हात चढ चढतात.

निर्मळ गर्भसंभव मातेच्या या चर्चची जागा १५४१ पासूनची, तेव्हा इथे छोटं कपेल होतं. आजची इमारत सतराव्या शतकातली. लिस्बनहून आलेले खलाशी जुने गोवेंकडे जाण्याआधी इथे उतरून प्रार्थना करत. समोरचा नागमोडी जिना बऱ्याच नंतरचा. वरची घंटा जुने गोवेंच्या ऑगस्टिनियन मठातली. मठ पडल्यावर ती आग्वादच्या दीपगृहात होती आणि १८७१ मध्ये इथे चढवली गेली. जिन्याचा पूर्ण फोटो हवा तर पायथ्याशी उभं न राहता नगरपालिका उद्यानाच्या कडेपर्यंत मागे जा. या उद्यानाला गार्सिया द ओर्त याचं नाव आहे. या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यातच भारतीय औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ छापला.

खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे असले की देऊळ आणि चर्च दोन्हीकडे अडचण येत नाही.

न्याहारी आणि नदीकाठ

साडेदहाला भूक लागलेली असते. चर्चच्या आसपासच्या जुन्या कॅफेंत शिरून पाव-भाजी मागा. तुमच्यासमोर लोणी घातलेली मुंबईची पावभाजी येणार नाही. पातळ भाजी म्हणजे वाटाण्याची किंवा चवळीची रस्सा भाजी, सुकी भाजी म्हणजे बटाट्याची. दोन्ही मिसळून घ्यायची असेल तर 'मिक्स' सांगायचं. जोडीला मिरची भजी आणि गोडसर बन. साडेअकराला भाजी संपते, ती परत होत नाही.

पावाचे प्रकार ओळखायला शिका. उंडो गोल, कडक सालीचा. पोय कोंड्याची, आत पोकळ. कात्रो फुलपाखराच्या आकाराचा, काकणां बांगडीसारखी कडकडीत. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी आणि संध्याकाळी सायकलवर पों-पों वाजवत फिरतो. पोय तासाभरात खायची असते, दुसऱ्या दिवशी ती चामड्यासारखी होते. घरी न्यायची तर काकणांच घ्या.

नदीकाठी आदिलशहाचा वाडा, म्हणजे जुनं सचिवालय. १९१८ पर्यंत इथे गव्हर्नर राहत. मुक्तीनंतर इथेच विधानसभा भरे. बाजूला आबे फारीयाचा पुतळा आहे. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेला हा पाद्री पॅरिसला गेला आणि संमोहनशास्त्राच्या आद्य अभ्यासकांत गणला गेला. संमोहनात बाहेरची कसली अदृश्य शक्ती नसते, सगळं त्या माणसाच्या मनात घडतं, हे त्याचं म्हणणं. १९४५ साली रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा. पसरलेल्या हातांचा ताण आणि समोर कलंडणारी स्त्री बघायला रस्त्याच्या पलीकडे जा, जवळून नुसता झगा दिसतो. फारीयाची गोष्ट गोव्यात कुणालाही विचारा. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन देताना त्याची बोबडी वळली, तेव्हा बाप खालून कोंकणीत पुटपुटला, 'ही सगळी भाजी, कातर रे भाजी', म्हणजे समोरची माणसं नुसता भाजीपाला समज आणि चीर. मग जीभ सैल सुटली. दंतकथा असेल, पण सभाधीट नसलेल्या माणसाला उपयोगी आहे.

पुढे लांबलचक इमारत दिसते ती दों मानुएलने उठवलेली बराक. तिच्या एका टोकाला मिनेझिस ब्रागांझा संस्था आहे. प्रवेशद्वारातच निळ्या-पांढऱ्या फरशांचं भिंतभर काम: १९३५ मधलं, जॉर्ज कोलासू या पोर्तुगीज कलावंताचं, पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातल्या प्रसंगांवरचं. दहा मिनिटं पुरतात, रविवारी बंद. समोर आझाद मैदान. मधल्या मंडपात पूर्वी आल्बुकेर्कचा पुतळा उभा होता, आज तिथे गोव्याच्या मुक्तिलढ्यातले नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्य यांचं स्मारक आहे. पुतळा जुने गोवेंच्या पुरातत्त्व संग्रहालयात गेला; उद्या तिथे भेटेल.

महालक्ष्मीच्या देवळात वळसा घालून जा. पोर्तुगीज अमलात पणजीत बांधू दिलेलं हे पहिलं देऊळ, १८१८ चं. धर्मच्छळाच्या काळात देव गावोगाव हलवले गेले, ते अडीचशे-तीनशे वर्षांनी राजधानीत परत उघडपणे बसू लागले, ते इथून.

दुपारी एकच्या आत जेवायला बसा. विचारायचं ते असं: 'आज नुस्तें कितें आसा?', म्हणजे आज मासळी कोणती आहे? थाळीत हुमण (माशाची आमटी), किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), तिसऱ्या (शिंपल्या) आणि सोलकढी येते. तळलेला तुकडा बहुतेक ठिकाणी वेगळा. मेनूवर भावाच्या जागी 'आकारानुसार' लिहिलं असेल तर मासा ताटात येण्याआधी आकडा विचारा. बिलावरची भांडणं बहुतेक याच एका ओळीवरून होतात. मग खोलीवर जाऊन झोपा. शहरही झोपलेलं असतं.

संध्याकाळ

साडेचारला कांपालच्या बाजूने निघा. जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाची इमारत, १८४२ मध्ये सुरू झालेल्या वैद्यकशाळेची परंपरा सांगणारी, आता इफ्फीच्या दिवसांत गजबजते. पुढे कला अकादमी. चार्ल्स कोरिया यांनी आखलेली ही वास्तू १९८३ मध्ये पुरी झाली. रस्त्यावरून ती दिसतच नाही, एक लांब मांडव वाटतो. आत शिरलं की पायऱ्या, झाडं आणि समोर नदी. मुख्य नाट्यगृहाला दीनानाथ मंगेशकरांचं नाव आहे. मराठी नाटक लागलेलं असेल तर तिकीट काढाच, गोव्यातला प्रेक्षक संगीत नाटकाला कशी दाद देतो ते कळेल.

तिथून नदीच्या कडेने मिरामार अर्ध्या तासावर. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, म्हणून साडेपाचला वाळूवर पोहोचलं पाहिजे. पाण्यात उतरू नका. मांडवी इथे समुद्राला मिळते आणि ओढ फसवी असते. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांची समाधी इथेच आहे. परतीला पणजी बाजाराकडे जाणारी बस मिळते, पण रात्री आठनंतर बसवर विसंबू नका.

बोटीवरच्या नाचगाण्यापेक्षा बेतीची फेरीबोट घ्या. पायी माणसाला तिकीट नाही, पलीकडे पोहोचायला पाच-सात मिनिटं. जाऊन त्याच बोटीने परत या. नदीतून दिवे लागलेली पणजी फुकट दिसते, आणि कानाजवळ लाउडस्पीकर नसतो.

दुसरा अर्धा दिवस

सकाळी जुने गोवेंची बस धरा, पण रायबंदरवरून जाणारी. वाहकाला विचारूनच चढा, नाहीतर बायपासने जाल. रायबंदरचा रस्ता म्हणजे १६३३-३४ मध्ये लिन्यारिशच्या काउंटने, म्हणजे तेव्हाच्या व्हाइसरॉयने, बांधवलेला सुमारे तीन किलोमीटरचा बांध-पूल. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि तिवरं. जवळपास चारशे वर्षांनी त्यावरून बस धावते आहे, आणि नदीवरचा आधुनिक नेहरू पूल मात्र जुलै १९८६ मध्ये कोसळला होता. खिडकीची जागा डावीकडे धरा.

पक्ष्यांची आवड असेल तर रायबंदरच्या धक्क्यावरून चोडणला जा. उतरल्या उतरल्या डॉ. सलीम अली अभयारण्याचं फाटक आहे. होडीतून आत जाणं भरतीवर अवलंबून असतं. ओहोटीला नुसता चिखल, आणि दहानंतर पक्षीही आडोशाला जातात. तेव्हा साडेसातला तिथे पोहोचा नाहीतर हा टप्पा सोडून द्या.

जुने गोवेंत बाँ जेजूसचं चर्च आणि से कॅथेड्रल बघून संग्रहालयात आल्बुकेर्कला भेटा. ते शुक्रवारी बंद असतं. चर्चमध्ये रविवारी सकाळी मास (सामुदायिक प्रार्थना) असतात, तेव्हा फिरायला मोकळीक नसते. करमळी स्थानक इथून जवळ आहे, म्हणून परतीची गाडी दुपारची असेल तर सामान सोबतच आणा. पणजीला मागे जाऊन पुन्हा याच रस्त्याने यायचं काही कारण नाही.